डिकीच्या रबराखालचा नंबर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. आणि अर्धं माहीत असणं हे काहीच माहीत नसण्यापेक्षा वाईट असतं, कारण उरलेलं अर्धं माणूस आपल्या प्रेमाने भरून काढतो. तिने तसंच केलं आहे. चार वर्षं मी तिच्या त्या भरून काढलेल्या अर्ध्यावर आरामात राहतो आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसं दिसत नाही. ही तिसरी सुरुवात आहे. पहिल्या दोन सुरुवातींमध्ये मी उन्हाबद्दल लिहिलं — त्या दिवशी ऊन किती होतं, पत्र्याला हात लावला तर चटका कसा बसत होता. ऊन होतंच. पण उन्हाचा काय संबंध? चूक आपली असली की माणूस आधी हवामान सांगायला लागतो.

मी मोहिते. मूळचा हडपसरचा, गेली एकोणीस वर्षं दुबईत. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीत, एकविसाव्या मजल्यावर बसून ठोकलेल्या गाड्यांचे विम्यासाठी अहवाल लिहितो. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. पण शेवटचा पाना हातात कधी धरला होता ते विचारू नका. जुन्या अमेरिकन गाड्यांचं मात्र मला कॉलेजपासून वेड. साठ-सत्तरच्या काळातल्या त्या लांब नाकाच्या, ढेरपोट्या इंजिनाच्या, पाण्यासारखं पेट्रोल पिणाऱ्या गाड्या — मसल कार म्हणतात त्यांना. माझ्याकडे एकही नाही. माझी स्वतःची गाडी शाळेच्या व्हॅनची धाकटी बहीण वाटते. पण पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून मला इतकं कळायला लागलं होतं की आमच्या मराठी मंडळींत कुणीही जुनी गाडी घ्यायची म्हटली की एकच वाक्य निघे : "मोहितेला दाखव." साधी सेकंडहँड गाडी असली तरी मोहितेला दाखव. हे वाक्य ऐकायला मला किती आवडायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते. ऑफिसात मला एवढं कोणी विचारत नव्हतं. घरातही नाही.

आणि हमीदभाई. त्यांच्याबद्दल लिहायचं टाळत होतो, आता टाळता येणार नाही.

हमीदभाई श्रीवर्धनजवळच्या एका गावचे. बाविसाव्या वर्षी इकडे अल ऐन शहरात आले आणि एका अरबी घरात ड्रायव्हर म्हणून राहिले ते चौतीस वर्षं. एकच घर. घरमालकाला ते अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक. पण त्यांच्या तोंडी तो शब्द 'आमचे थोरले' असा ऐकू यायचा. अर्बाबची मुलं त्यांनी शाळेत सोडली, मग त्या मुलांची मुलं सोडली. त्या घरातल्या सगळ्या पोरांचं हिंदी हमीदभाईंकडून आलेलं, गाडीच्या मागच्या सीटवर बसून शिकलेलं. त्यामुळे ती अरब मुलं हिंदी बोलायची ती थेट कोकणी हेल काढून. आमची ओळख झाली ती माझी गाडी अल ऐन रस्त्यावर बंद पडली तेव्हा. मी, इंजिनिअर, बॉनेट उघडून नुसता बघत उभा होतो. हमीदभाई थांबले, पाच मिनिटांत गाडी सुरू केली, आणि मी मराठी आहे कळल्यावर म्हणाले, "अरे, मग आधी नाय सांगायचं? उगाच हिंदीत घाम गाळला." तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी दुबईत कामाला आले की अल मनखूलला आमच्या घरी एक फेरी असायची. हातात मासळी नाहीतर खजूर. बायकोला वहिनी. मला साहेब. वयाने ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, मी कितीदा सांगितलं, नावाने हाक मारा. "राहू द्या," म्हणायचे. "साहेब म्हटलं की तुमचं सल्ला देणं बरं वाटतं." चेष्टा होती ती. मला मात्र ती चेष्टा खरीच वाटायची.

तर गाडी. अर्बाबने तरुणपणी एक अमेरिकन मसल कार नवीकोरी घेतली होती. निळी, पांढऱ्या पट्ट्याची. हमीदभाई कामाला लागले तेव्हा ती घरात होती. पहिली दोन वर्षं रोज सकाळी ती धुणं हे त्यांचं पहिलं काम. मग मुलं झाली, मोठी गाडी हवी झाली, आणि अर्बाबने ती कुणाला तरी विकली. गेली ती गेली. पण म्हातारपणी अर्बाबला पक्षाघाताचा झटका आला, बोलणं कमी झालं, आणि जे थोडं बोलत त्यात ती गाडी यायला लागली. कुठे असेल? चालत असेल का? थोरल्या मुलाने हमीदभाईंना सांगितलं, चाचा, शोधा. तशी दुसरी नको, तीच हवी. खर्चाची काळजी करू नका, पण तीच.

हमीदभाई वर्षभर शोधत होते. त्यांच्याकडे जुन्या मुल्कियाची झेरॉक्स होती. मुल्किया म्हणजे इथलं गाडीचं नोंदणीपत्र. त्याच्यावर गाडीचा मूळ नंबर. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवलेला असायचा. चौतीस वर्षांत त्या घराने त्यांच्याकडून तिजोरीच्या किल्ल्या परत मागितल्या नव्हत्या, मुलींना एकट्यांना त्यांच्याबरोबर पाठवलं होतं — पण अर्बाबने स्वतःसाठी, स्वतःच्या मनासाठी म्हणून मागितलेलं हे पहिलंच काम. हे काम नीट झालं की मी गावाला जायला मोकळा, असं ते म्हणायचे.

आता ती गणपतीतली संध्याकाळ.

आमच्या घरी आरतीला वीसेक माणसं. आरती होऊन प्रसाद वाटला जात होता, तेवढ्यात हमीदभाई आले — दरवर्षी येत, मोदकाला. येऊन मला बाजूला घेतलं, फोनवर फोटो दाखवले. शारजात एका माणसाकडे गाडी सापडली. निळी. पांढरा पट्टा. आणि डॅशबोर्डवर, काचेच्या कडेला जी नंबराची पट्टी असते, तिचा अगदी जवळून काढलेला फोटो. मी झेरॉक्स मागितली. आकडे लावून पाहिले. जुळले! सगळे जुळले.

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी थांबलो नाही. मी ती पट्टी आणि तो कागद सगळ्यांना दाखवला. माहिती सांगितली. त्या काळात एवढ्या मोठ्या इंजिनाच्या किती थोड्या गाड्या बनल्या, नकली गाड्या कशा बनवतात, साध्या मॉडेलला महागड्या मॉडेलचा साज कसा चढवतात. लोक ऐकत होते. कुणीतरी किंमत विचारली, दुसऱ्याने लगेच रुपयांत करून सांगितली, तिसरा "बाप रे" म्हणाला. आणि मी सगळ्यांसमोर हमीदभाईंच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "डोळे झाकून घ्या. हीच ती. हा मोहितेचा शब्द."

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, दॅट्स जस्ट द प्लेट. एनीवन कॅन चेंज अ प्लेट, नो?"

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. "तू आधी तुझं मॅथ्स बघ," म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आमची आई म्हणायची. ते पोरीला लागू होतं की मला, ते तुम्हीच बघा.

त्या शनिवारी सकाळी आम्ही शारजाला गाडी बघायला गेलो. म्हणजे, खरं तर हमीदभाई म्हणाले होते, "तुमचा शब्द झाला, आता कशाला उन्हात येता?" मीच म्हणालो, नाही, येतो. मला ती गाडी बघायची होती. तिच्या इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. तपासणी वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. मी मिरवायला निघालो होतो.

औद्योगिक भागातलं ते गॅरेज. विकणारा माणूस अतिशय गोड, हबीबी हबीबी करत करक चहा पुढे करणारा. आणि गाडी — काय सांगू? सुंदर होती. मी एवढी वर्षं फोटोत बघितलेली गाडी माझ्यासमोर उभी होती. हमीदभाई दाराजवळ गेले, पायातल्या चपला काढल्या, हो, चपला काढल्या, आणि काचेतून वाकून पट्टीवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागले. मी झेरॉक्स धरून पुढचा आकडा मनात म्हणत होतो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा त्यांचा आवाज फुटला. डोळे पुसून म्हणाले, "साहेब, अर्बाबला मी कालच सांगितलं. मोहितेसाहेब बोलले, हीच. किती दिवसांनी हसले माहितीये? अर्ध्या तोंडाने, पण हसले."

त्याच वेळी मला पट्टीचे रिव्हेट दिसले.

हे समजावून सांगायला हवं. ती पट्टी डॅशबोर्डवर दोन बारीक खिळ्यांनी, रिव्हेटनी, बसवलेली असते. ही गाडी बनली त्या कारखान्यात तेव्हा जे रिव्हेट वापरत त्यांचं डोकं फुलासारखं असे, सहा पाकळ्यांचं. मुद्दाम, कुणी पट्टी काढून दुसरीकडे लावू नये म्हणून. माझ्यासमोरच्या रिव्हेटची डोकी साधी होती. गोल. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तशी. फोटोत त्यावर उजेडाची तिरीप होती, कळलं नव्हतं.

आता पट्टी एखाद्या वेळी चांगल्या कारणानेही काढलेली असू शकते. डॅशबोर्ड बदलला असेल. मी स्वतःला तेच सांगितलं. पण शंका आली की तिची खात्री कुठे करायची हेही मला माहीत होतं. मोहितेला दाखव, म्हणत ना लोक? मोहितेला माहीत होतं. या गाड्यांच्या डिकीच्या काठाला, झाकण टेकतं तिथे, जाड रबर बसवलेलं असतं. त्या रबराखाली, पत्र्यावरच, नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. पट्टी बदलता येते. तो पत्रा बदलायचा तर गाडीच कापावी लागते.

हमीदभाई ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. दोन्ही हात चाकावर. विकणारा त्यांना कसलं तरी बटण दाखवत होता. मी मागे गेलो, डिकी उघडली, वाकलो आणि रबराचं टोक नखाने उचललं. सहज निघालं, नवीनच होतं. खाली कच्च्या रंगाचा थर होता. मी अंगठा चोळला. आकडे दिसले.

वेगळे होते.

एखादा आकडा वेगळा नाही, सगळेच वेगळे. कुठल्यातरी दुसऱ्या, साध्या गाडीचं हे अंग होतं. अर्बाबच्या गाडीची फक्त पट्टी खरी होती. ती गाडी केव्हाच भंगारात गेली असणार आणि तिची पट्टी तेवढी कुणीतरी जपून ठेवली असणार. नंबर खरा, गाडी खोटी. मी ते आकडे दोनदा वाचले. चूक होण्याची शक्यता नव्हती. माझ्याकडे फोन होता, फोटो काढू शकलो असतो. हमीदभाईंना हाक मारली असती तर ते आठ पावलांवर होते.

मी रबर परत बसवलं. अंगठ्याने दाबून, कोपऱ्यापर्यंत, नीट. रबर उचलणं हा तपासणीचा भाग होता. ते परत दाबून बसवणं हा कशाचा भाग होता?

तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते मला नक्की आठवतं. मला अर्बाबचं अर्धं हसू आठवलं नाही. हमीदभाईंचं मन मोडेल, म्हणून मी गप्प बसलो असं म्हणायला छान आहे, आणि मी स्वतःला बरेच दिवस तसं म्हणत होतो. खोटं आहे ते. मला आमची बैठकीची खोली आठवली. वीस माणसं. "हा मोहितेचा शब्द." आणि कोपऱ्यातली तेरा वर्षांची मुलगी, जिचं बरोबर होतं. आता घरी जाऊन मला म्हणावं लागणार होतं, ती गाडी नकली निघाली — आणि तिने मान वर करून फक्त बघितलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी. त्या एका नजरेसाठी मी एका माणसाची चौतीस वर्षं पणाला लावली.

मी पुढे आलो. हमीदभाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "तीच आहे ना, साहेब?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

इथे राहणाऱ्यांना या शब्दाचे दोन अर्थ माहीत असतात. ऑफिसात आम्ही सगळे तो दिवसातून दहादा वापरतो — हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, सगळे. फाईल कधी मिळेल? इन्शाल्ला, उद्या. म्हणजे मिळणार नाही. हो म्हणायचं नसतं आणि नाही म्हणायची हिंमत नसते तेव्हाचा तो शब्द. पण हमीदभाई तो शब्द असा वापरत नसत. मला हे ठाऊक होतं. एकदा आमच्याच घरी माझ्या एका मित्राला त्यांनी टोकलं होतं, "भाऊ, अल्लाचं नाव घेऊन टाळाटाळ नाय करायची. येणार नसशील तर नाय म्हण." इतकं ठाऊक असून मी त्यांना तो शब्द दिला. मनात म्हटलं, मी हो थोडंच म्हणालो? मी देव न मानणारा माणूस. भित्रेपणा झाकायला त्यांच्या देवाचं नाव वापरलं.

हमीदभाईंनी डोळे मिटले. "इन्शाल्ला म्हणालात, मग झालं," म्हणाले. खाली उतरले आणि मला मिठी मारली. माझ्या अंगठ्याला निळा रंग लागला होता, तो मी पँटच्या खिशात पुसत होतो.

गाडी अल ऐनला गेली. अर्बाबना व्हीलचेअरवरून अंगणात आणलं, उचलून आत बसवलं, त्यांनी उजवा हात, चालणारा, चाकावर ठेवला. हमीदभाईंनी मला व्हिडिओ पाठवला. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मंडळींच्या ग्रुपवरही तो व्हिडिओ फिरला, खाली सगळ्यांचं एकच : मोहिते ग्रेट आहे. मी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. मुलगी म्हणाली, "ओके बाबा, यू वेअर राइट." हे तिने प्रामाणिकपणे म्हटलं. ते वाक्य मी घेतलं आणि ठेवून दिलं. परत केलं नाही.

वीस दिवस गेले. मग नवीन मुल्किया करायला गाडी सरकारी तपासणीला नेली. तिथल्या माणसाने डिकी उघडली आणि रबर उचललं. त्याचं ते रोजचं काम होतं.

शारजातला गोड माणूस फोन उचलेना. गॅरेजला कुलूप. आणि अल ऐनच्या त्या घरात कुणीतरी, बहुतेक एका जावयाने, तो प्रश्न काढला, जो अशा वेळी इथे नेहमी निघतो : ड्रायव्हरला यात काय मिळालं? वर्षभर शोधत होता, एकटाच जाऊन पक्की केली. दलाली खाल्ली असेल. थोरल्या मुलाला ते पटत नव्हतं. म्हणून त्याने मला फोन केला.

दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी ऑफिसातल्या पँट्रीत कॉफी घेत होतो. तो अगदी आदराने बोलला. हमीदभाईंच्या हेलात, हिंदीत. "मोहितेसाहब, चाचा बोलते हैं कि आप साथ में थे, आपने गाडी चेक की थी। बस इतना बोल दीजिए, बात खलास हो जाएगी।"

एवढंच म्हणायचं होतं. हो, मी होतो, मी बघितली.

पण मी गाड्यांची तपासणी करून अहवाल लिहिणारा माणूस. मी होतो म्हटलं, तर पुढचा प्रश्न — मग तुम्हाला दिसलं कसं नाही? आणि दिसलं असेल तर? तक्रार झाली असती. परवाना, नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं, आणि मी म्हणालो, "मैंने तो सिर्फ फोटो देखा था।"

मग मला कळलं की फोन स्पीकरवर आहे. कारण थोडं लांबून, शांत आवाजात, हमीदभाई बोलले. "साहब ठीक बोलते हैं। फोटो ही देखा था। मैं अकेला गया था।"

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. नाही, असं म्हणायला तेव्हाही वेळ होता. थोरला मुलगा म्हणाला, "शुक्रिया, साहब," आणि फोन ठेवला. कॉफी ओतून टाकून मी जागेवर गेलो. अर्धवट राहिलेला एक अहवाल होता, तो पूर्ण केला. मी तो पूर्ण करू शकलो, हेही सांगायला हवं.

हमीदभाईंना कोणी बोललं नाही. पोलीस नाही, आरडाओरडा नाही, उलट विमानाचं तिकीट आणि दोन मोठ्या बॅगा दिल्या. चाचा, बहुत काम किया, अब आराम करो. गाडीच्या किल्ल्या मात्र त्याच दिवशी घेतल्या.

जायच्या आदल्या दिवशी ते अल मनखूलला आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. आले; खजुराचा डबा घेऊन. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, आणि ते माझ्याकडे नेहमीसारखं बघत होते. बायकोने विचारलंच, तिला काय माहीत — "पण हे तुमच्याबरोबर आले होते ना शारजाला?" मी तोंड उघडायच्या आत हमीदभाई म्हणाले, "आले होते, वहिनी. पण साहेब पोचायच्या आधी मी सौदा पक्का करून बसलेलो. घाई माझी." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिला माहीत असलेलं अर्धं ते हे.

मग चहा पिताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. निघताना ते अर्बाबचा निरोप घ्यायला गेले होते. दुपारच्या नमाजानंतरची वेळ. दारातच त्यांना सांगितलं गेलं, अर्बाब झोपलेत. "साहेब, त्या वेळेला ते कधीच झोपत नाहीत," हमीदभाई म्हणाले. "झटका आल्यापासून त्या वेळचा गहवा, त्यांची ती अरबी कॉफी, चमच्याने मीच पाजतो." थोडा वेळ दाराबाहेर उभे राहिले, आतून चमच्याचा आवाज येत होता, आणि मग ते निघाले. हे सांगताना ते रडले नाहीत. माझी बायको रडली. मी खजुराच्या डब्याचं झाकण लावत बसलो होतो.

पाच महिन्यांनी अर्बाब गेले. हमीदभाईंना ते गावात, कोणाकडून तरी कळलं.

ते अजून मला फोन करतात. दिवाळीला न चुकता. "दिवाळी मुबारक, साहेब" — दरवर्षी हेच, आणि स्वतःच हसतात. नारळाची बाग करतात, गुडघा दुखतो, नातू श्रीवर्धनच्या शाळेत जातो. फोनवर मी नाही म्हणालो, ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. ते मला कधी बोललेले नाहीत. ते त्यांनी माफ केलं असावं, किंवा माझ्या संसाराकडे बघून सोडून दिलं असावं. मला माहीत नाही, आणि विचारायचं तोंड माझ्याकडे नाही. पण त्याच्या आधीचं त्यांना माहीत नाही. आठ पावलांवर ते चाकावर हात ठेवून बसले होते आणि मी मागे वाकून काय वाचत होतो, हे त्यांना माहीत नाही. मी लिहायला बसलो आहे ते यासाठी.

यंदाच्या दिवाळीला त्यांनी पहिल्यांदाच त्या गाडीचा विषय काढला. सगळं बोलून झालं होतं. मग म्हणाले, "साहेब, एक सांगू? तुम्ही अजून मनाला लावून घेतलंय, मला आवाजात कळतं. सोडा ते. माझीपण नजर चुकली, तुमचीपण चुकली. माणूस आहोत. चुकते नजर."

बाहेरच्या खोलीत मुलगी आणि तिची आई पणत्या मांडत होत्या. दार उघडंच होतं.

"हो, हमीदभाई," मी म्हणालो. "चुकली."

मग त्यांनी वहिनींना फोन द्यायला सांगितलं, आणि मी दिला.